चहाच्या थांब्यानंतर गरम एमजीबी सुरू होत नाही: कारण कसं ओळखायचं, इलाज काय

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या मालकांची तक्रार नेहमी एकाच साच्यातली असते. सकाळी इंदूरहून महेश्वरला निघालेली गाडी झकास धावते. परतताना निमाडातलं ऊन, ट्रकांच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये मानपूरचा घाट आणि वर आल्यावर चहासाठी पंधरा मिनिटं. चहा आटोपून किल्ली फिरवली की सेल्फ फिरतो, पण इंजिन काही घेत नाही. पाऊण तासानं, बॅटरी अर्धी संपल्यावर, तीच गाडी काही झालंच नसल्यासारखी सुरू होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीकडे नेली तर पहिल्याच सेल्फला चालू. मग दर उन्हाळ्यात कोणी कॉइल बदलतं, कोणी पंप, कोणी प्लग, आणि पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा तेच.

दोष खरा असतो, पण गरम इंजिन बंद केल्यावर साधारण १० ते ३० मिनिटांपुरताच तो दिसतो. मालव्याची सकाळ गार असते, त्या वेळी तो सापडणारच नाही. तपासायचं असेल तर दुपारी दोन-तीनच्या सुमारास गाडी अर्धा तास चालवा, बंद करा, बॉनेट न उघडता बारा मिनिटं थांबा आणि मग किल्ली लावा. बाकी सगळं अंदाजपंचे.

खालचं सगळं एमजीबी धरून लिहिलंय: १९६२ ते १९८० या काळात बनलेली, १७९८ सीसीचं बी-सीरीज इंजिन, एसयू कंपनीचे दोन एचएस४ कार्बोरेटर (उत्तरार्धातल्या गाड्यांत ते बदलले). ट्रायम्फ या दुसऱ्या ब्रिटिश गाड्यांचं वेगळं आहे, ते शेवटी येईल.

उष्णता येते कुठून

या इंजिनात इनलेट आणि एक्झॉस्ट हे दोन्ही मॅनिफोल्ड डाव्या बाजूला, एकावर एक बसवल्यासारखे आहेत. म्हणजे लालबुंद तापणाऱ्या बिडाच्या तुकड्याच्या डोक्यावर पेट्रोलने भरलेले दोन फ्लोट चेंबर, म्हणजे कार्बोरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या वाट्या. जग्वारच्या एक्सके इंजिनात हवा एका बाजूने आत जाते आणि धूर दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो, म्हणून तिथे हा त्रास मुळातच कमी.

गाडी चालू असताना पंख्याची हवा येते आणि टाकीतून थंड पेट्रोल सतत येत राहतं. इंजिन बंद केलं की पंखा थांबतो, पेट्रोल जागच्या जागी उभं राहतं, आणि एक्झॉस्टमध्ये साठलेली उष्णता वर चढते. बंद केल्यानंतर दहा-पंधरा मिनिटं बॉनेटखालचं तापमान उतरत नाही, उलट वाढतं. पेट्रोलमधले हलके घटक ३५-४० अंशांपासूनच उकळायला लागतात. मे महिन्यात इंदूरमध्ये बाहेरचीच हवा ४०-४२ अंश असते, म्हणजे मोजायला सुरुवातच तिथून होते.

आधी कान आणि नाक

किल्ली थेट सेल्फपर्यंत नेऊ नका. फक्त स्विच ऑन करा आणि दहा सेकंद गप्प बसा. एमजीबीचा एसयू इलेक्ट्रिक पंप मागे, टाकीच्या बाजूला असतो आणि तो टिकटिक करतो. ती टिकटिक मोजा. याच दहा सेकंदांत बहुतेक निदान होऊन जातं.

पंप दोन-चार टिका देऊन गप्प झाला आणि पेट्रोलचा उग्र वास येतोय, तर कार्बोरेटरमधून पेट्रोल उकळून इनलेटमध्ये उतरलंय. इंजिन ओलं झालंय.

पंप पंधरा-वीस टिका देत राहिला आणि मग थांबला, तर फ्लोट चेंबर उकळून रिकामे झाले होते. आता ते भरले. थांबलाच नाही, टकटकटक चालूच राहिला, तर पंपाला पेट्रोल मिळत नाहीये: टाकी, फिल्टर किंवा मागच्या बाजूचा हवा ओढणारा होज.

टिका ठीक, वासही नाही, सेल्फ जोरात फिरतोय, पण इंजिनात जीव नाही, तर ठिणगी पडत नसावी.

सेल्फच जड फिरत असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा, ते विजेचं दुखणं आहे.

रस्त्यावर गाडी चालू कशी करायची

ओलं झालेलं इंजिन: चोक अजिबात नको. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबा आणि तिथेच धरून ठेवा, मारत बसू नका. सेल्फ सलग सहा-आठ सेकंद द्या. एक-दोन सिलेंडर पकडतील, मागून काळा धूर येईल, मग पाय हळू सोडा. एसयूला ॲक्सिलरेटर पंप नसतो, त्यामुळे पॅडल मारून ज्यादा पेट्रोल येत नाही. पण वेबर कार्बोरेटरच्या गाडीत, उदाहरणार्थ जुन्या अल्फात, पॅडल मारलं की प्रत्येक वेळी पिचकारी उडते आणि ओलं इंजिन आणखी ओलं होतं.

रिकामे चेंबर: पंप गप्प होईपर्यंत थांबा, मग पॅडल पाव भाग दाबून सेल्फ द्या. चालू झाल्यावर पहिली दोनशे मीटर गाडी गचके देईल. तेवढा वेळ १५०० ते २००० आरपीएम धरा, नवं पेट्रोल आलं की गचके थांबतील.

दोन्ही वेळा सेल्फच्या आधी बॉनेट पाच मिनिटं उघडं ठेवलं तर काम सोपं होतं. गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पाणी मात्र ओतू नका. ते बीड आहे, तडकतं.

पेट्रोल उकळणं: मूळ दुखणं इथेच असतं

एमजीबीच्या बहुतांश तक्रारी या एकाच खात्यात जमा होतात आणि जवळजवळ प्रत्येक गाडीत यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र सापडतात. स्वस्त गोष्टीपासून सुरुवात करा.

पहिली, चेंबरच्या झाकणाची नळी. एचएस४च्या फ्लोट चेंबरच्या झाकणातून एक बारीक नळी निघते आणि एक्झॉस्टला वळसा घालून खाली जमिनीकडे जाते. तिला सगळे ओव्हरफ्लो म्हणतात, पण चेंबर श्वास घेतो तोही तिच्यातूनच. ती दुमडली, चिखलाने किंवा कुंभारमाशीच्या मातीने बुजली, की चेंबरमध्ये झालेल्या वाफेला बाहेरची वाट उरत नाही. ती वाफ मग पेट्रोलच्या पृष्ठभागावर दाब देते आणि पेट्रोल जेटमधून वर ढकलून थेट इनलेटमध्ये लोटते. तीन स्क्रू खोलून झाकण काढा, नळी तोंडाने फुंकून पाहा, पंधरा रुपयांची तार फिरवा. कित्येक गाड्यांचं दुखणं इतक्यानेच निम्मं होतं. मागचा कार्बोरेटर, म्हणजे केबिनजवळचा, जास्त तापतो, तेव्हा तिथून सुरुवात करा. तीन आणि चार नंबरचे प्लग ओले आणि एक-दोन कोरडे निघाले, तर दोष मागच्याच कार्बोरेटरचा.

दुसरी, पेट्रोलची पातळी. झाकण उलटं धरा, फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा भाग) स्वतःच्या वजनाने नीडलवर (पेट्रोलची वाट बंद करणाऱ्या सुईवर) टेकू द्या आणि झाकण व फ्लोट यांच्यातलं अंतर मोजा. ते ३.२ ते ४.८ मिमी असावं. आपल्या हवेत ४.५च्या आसपास ठेवलेलं बरं, कारण हे अंतर जितकं जास्त तितकी चेंबरमधली पातळी खाली. पट्टी असलेल्या फ्लोटमध्ये पट्टी किंचित वाकवता येते. संपूर्ण प्लॅस्टिकच्या फ्लोटला वाकवायला काही नसतं, तिथे नीडल सीटखाली एक पातळ वॉशर वाढवा, पातळी उतरते. नीडल-सीट दोन्ही कार्बोरेटरचे एकदमच बदला, टोकाला व्हायटन रबर असलेले घ्या. बदलल्यावर खात्री अशी करायची: इंजिन बंद, स्विच ऑन, पंप भरून शांत झाला की घड्याळ लावा. अर्ध्या मिनिटात एकापेक्षा जास्त टिक आली तर कुठलातरी नीडल अजून गळतोय.

तिसरी, कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामधलं उष्णतारोधक सँडविच. मॅनिफोल्डच्या बाजूने क्रम असा: पॅकिंग, बॅकेलाइटसारखा जाड इन्सुलेटर, पॅकिंग, हीटशील्डचा पत्रा, पॅकिंग, कार्बोरेटर. म्हणजे दोन कार्बोरेटर मिळून इन्सुलेटर दोन आणि पॅकिंग सहा. जुन्या दुरुस्त्यांमध्ये इन्सुलेटर फुटला म्हणून काढून टाकलेला असतो किंवा त्या जागी ॲल्युमिनियमचा तुकडा घातलेला असतो. ॲल्युमिनियम उष्णता रोखत नाही, पोचवतो. हा एक चुकीचा तुकडा बाकीच्या सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवतो. नवा इन्सुलेटर बसवण्याआधी काचेवर ठेवून सपाट आहे का ते पाहा, आणि नट आलटून पालटून, बेताने आवळा. जास्त आवळलं की तो चिरतो, हवा ओढतो आणि मिश्रण पातळ होतं.

हीटशील्डबद्दल एक गंभीर सूचना. मूळ पत्र्याच्या मागे, एक्झॉस्टच्या बाजूला, जो करडा-पांढरा थर असतो तो ॲस्बेस्टॉसचा असू शकतो. तो कोरडा खरवडू नका, वायर ब्रश तर मुळीच लावू नका. पूर्ण ओला करून, चांगला मास्क घालून, ओल्या फडक्याने काढा आणि पिशवीत बांधून टाका. फुंकणी किंवा कॉम्प्रेसरची हवा त्याच्या जवळ आणू नका. नवीन थरासाठी ३-४ मिमी सिरॅमिक फायबरचा बोर्ड, त्यावर ॲल्युमिनियम फॉइल, आणि कडेने रिव्हेट. नुसता गोंद घाटात सुटतो.

चौथी गोष्ट गाडी चालतानाची: एक्झॉस्ट मुळातच जास्त का तापतोय? ठिणगीचं टायमिंग मागे गेलं की जळण उशिरा होतं आणि ती उष्णता सिलेंडरऐवजी मॅनिफोल्डमध्ये जाते. सुरुवातीच्या १८जी मालिकेच्या इंजिनांचं स्थिर टायमिंग पिस्टनच्या वरच्या बिंदूच्या १० अंश आधी असतं. नंतरच्या १८व्ही इंजिनांचे आकडे वेगळे आहेत, ब्लॉकवरचा इंजिन नंबर पाहून मॅन्युअलमधला आकडा लावा. त्याआधी पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिमी करून घ्या. गॅप बदलला की टायमिंग बदलतं, म्हणून हा क्रम उलटा चालत नाही.

इथेनॉलने काय बदललं

‘पूर्वी हा त्रास इतका नव्हता’ असं जुने मालक म्हणतात, आणि ते बरोबर आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. शुद्ध इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, म्हणून काहींना वाटतं की त्याने उकळणं कमी व्हायला हवं. पण पेट्रोलमध्ये मिसळल्यावर ते हलक्या घटकांशी जोडी जमवतं आणि ही जोडी ७८च्या बरीच खाली उकळते.

दुसरा परिणाम मिश्रणावर. साध्या पेट्रोलच्या एका किलोला जळायला १४.७ किलो हवा लागते, या पेट्रोलला साधारण साडेतेरा. जुन्या सेटिंगवर गाडी म्हणूनच पातळ मिश्रणावर चालते, आणि चढावर पातळ मिश्रण म्हणजे तापलेला एक्झॉस्ट. एसयूत इलाज सोपा आहे: जेटखालचा षटकोनी नट दोन्ही कार्बोरेटरवर सारखा, एक ते दोन पैलू खाली फिरवा. सहा पैलूंचा एक फेरा होतो. मग कार्बोरेटरमधला पिस्टन त्याच्या पिनने साधारण ०.८ मिमी उचलून पाहा. इंजिनाचा वेग किंचित वाढून पूर्ववत झाला तर बरोबर. वाढतच गेला तर मिश्रण दाट. अडखळून बंद पडायला लागलं तर पातळ. हे सगळं इंजिन पूर्ण गरम असताना, चोकची केबल सैल आहे याची खात्री करून.

तिसरा परिणाम रबरावर. जुना काळा होज आतून मऊ पडून सोलतो, त्याचे कण नीडल-सीटमध्ये अडकतात आणि कार्बोरेटर वाहू लागतो. होजच्या अंगावर ‘एसएई ३० आर ९’ असा शिक्का असलेला, आतून ६ मिमी घ्या. ‘आर ७’ दिसायला तसाच असतो, पण इथेनॉलला तितका टिकत नाही. एक मीटर पुरतो. क्लिपा छोट्या, नट-बोल्टच्या घ्या, पेचाच्या पट्टीदार क्लिपा मऊ होजला कापतात. होज टॅपेट कव्हरला टेकू देऊ नका. गाडी महिना-महिना उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, कारण इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पावसाळ्यात अर्ध्या रिकाम्या टाकीच्या तळाशी ते जमतं.

ठिणगी पडत नसेल तर

गरम झाल्यावर मरणारे भाग तीन: कॉइल, कंडेन्सर, रोटर.

कॉइलच्या दोन बारीक टर्मिनलमध्ये रोध मोजा. बॅलास्ट (कॉइलकडे जाणारा प्रवाह कमी करणारा रोध) नसलेल्या एमजीबीला तीन ओहमच्या आसपासची कॉइल लागते. नंतरच्या, रबर बंपरच्या गाड्यांमध्ये बॅलास्ट वायर आहे, तिथे दीड ओहमची. बाजारात दोन्ही डबे सारखे दिसतात. दीड ओहमची कॉइल जुन्या गाडीत लावली तर चारऐवजी आठ अँपिअर वाहतात, कॉइल हाताला चटका बसेल इतकी तापते आणि पॉइंट जळतात. हीच चूक वारंवार दिसते, आणि ‘नवीन कॉइल टाकूनही तेच’ ही तक्रार बहुधा इथूनच येते. गाडी बंद असताना स्विच ऑन ठेवून गप्पा मारणंही कॉइलला तितकंच वाईट.

कंडेन्सर गरम झाल्यावर दगा देत असेल तर पॉइंट उघडताना मोठी पांढरट ठिणगी दिसते आणि इंजिन फटाके फोडतं. मूल्य ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपास हवं. रोटरमध्ये पितळी पट्टी रिव्हेटने बसवलेली असेल तर तो बदला. काही रोटरमध्ये रिव्हेट आणि शाफ्ट यांच्यातलं प्लॅस्टिक पातळ असतं, गरम झाल्यावर ठिणगी तिथून खाली शाफ्टमध्ये उतरते. विनारिव्हेटचा रोटर मिळतो, तो एक आणि चालू अवस्थेतला जुना कंडेन्सर एक, हातमोज्याच्या कप्प्यात कायम ठेवा.

ठिणगी पाहायची तर जादा प्लग वायरला लावून त्याचं अंग कार्बोरेटरपासून दूर, उजव्या बाजूला धातूला चिकटवा. पेट्रोलचा वास येत असताना ही तपासणी करूच नका.

सेल्फ जड फिरत असेल तर

मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर, दुसरं इंजिनाच्या ब्लॉकवर धरून सेल्फ द्या. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर इंजिनाची अर्थिंगची पट्टी घासून पुन्हा बसवा. १९६७पर्यंतच्या गाड्यांना धन अर्थ आहे, तिथे टोक धन खांबावर. अर्थिंग ठीक निघाली आणि सेल्फ देताना बॅटरी १० व्होल्टच्या खाली जात असेल, तर बॅटरी किंवा सेल्फच.

थर्मोस्टॅट काढू नका

घाटात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. या दुखण्याला त्याचा काही उपयोग नाही, कारण पेट्रोल उकळवणारी उष्णता पाण्याची नाही, एक्झॉस्टची आहे. उलट डिसेंबरच्या सकाळी इंजिन वीस किलोमीटर थंडच चालतं, चोक लांबतो आणि सिलेंडरच्या भिंतीवरचं तेल धुतलं जातं. ८२ अंशांचा बसवा. आपल्या हवेत ७४चाही चालेल, पण त्याने चहानंतरचा त्रास जाईल अशी अपेक्षा ठेवू नका.

एक्झॉस्टला फायबरची पट्टी गुंडाळण्याबाबतही सावध राहा. उष्णता अडते हे खरं, पण पावसाळ्यात ती पट्टी ओल धरते आणि आतला पाईप गंजतो.

ट्रायम्फ स्पिटफायर, हेराल्ड, टीआर४

यांचा पंप इंजिनावरच असतो, आपल्याकडे ज्याला एसी पंप म्हणतात तो. तो टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढणाऱ्या नळीत दाब कमी असतो, म्हणून वाफ तिथे सहज होते आणि पंप वाफेवरच हेलकावे खातो. इथे खरी वाफेची कोंडी होते, गाडी चालतानाही, घाटाच्या मध्यावर. पंपावर ओलं फडकं ठेवायचा जुना उपाय इथे खरोखर चालतो. एमजीबीत पंप मागून ढकलत असल्यामुळे त्याचा उपयोग नाही. ट्रायम्फमध्ये इंजिनाजवळून जाणारी धातूची नळी ब्लॉकपासून बोटभर दूर न्या, तिच्यावर उष्णतारोधक बाही चढवा, आणि पंप व इंजिन यांच्यामधला जाड इन्सुलेटर जागेवर आहे का ते पाहा.

काम झाल्यावरची चाचणी

पुन्हा दुपारच्याच वेळेला. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर दोन्ही फ्लोट चेंबरवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, कारण चकचकीत ॲल्युमिनियमवर हे यंत्र खोटं कमी तापमान दाखवतं. अर्धा तास चालवा, त्यातली दहा मिनिटं गर्दीच्या रस्त्यावर जाऊ द्या. बंद केल्यावर बॉनेट मिटलेलंच राहू द्या. दर तीन मिनिटांनी तेवढ्यापुरतं उचलून दोन्ही आकडे लिहा आणि लगेच मिटवा. नवा इन्सुलेटर आणि थर घातल्यावर तापमानाचा चढ हळू व्हायला हवा आणि मागचा-पुढचा आकडा जवळजवळ यायला हवा. मागचा अजूनही बराच जास्त असेल तर हीटशील्डचा थर मागच्या टोकाला अपुरा आहे किंवा तिथलं पॅकिंग फुंकतंय.

पंधराव्या मिनिटाला स्विच ऑन, टिका मोजा. चारच्या आत थांबला आणि चोकशिवाय दोन सेकंदांत इंजिनाने घेतलं, तर पुढच्या रविवारी महेश्वरला जा. टिका अजून दहाच्या वर असतील तर पुन्हा फ्लोटची पातळी आणि झाकणाची ती बारीक नळी, याच क्रमाने.